पडद्यामागचा होकार

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट त्या काळातली आहे, जेव्हा गलबतं शिडांवर चालत आणि बातमी वाऱ्याच्या मर्जीनं पोचत असे.

खाडीच्या तोंडाशी एक मुसलमानांचं गाव होतं. गावात मशीद होती, काझी होते आणि धर्माचा कायदा होता. त्या कायद्यात एक गोष्ट अगदी स्वच्छ लिहिली होती. निकाहाच्या वेळी काझींनी नवरीला विचारायचं, "कबूल आहे?" ती हो म्हणाली तरच निकाह. ती नको म्हणाली, तर बापाचं चालत नाही आणि बादशहाचंही चालत नाही.

हा हक्क बाईला पहिल्या दिवसापासून होता. पण गावानं त्यावर एक पडदा टाकला होता.

गावाला वाटे, नव्या नवरीनं चार पुरुषांत आवाज काढणं म्हणजे बेशरमपणा. म्हणून पडद्यामागे नवरीशेजारी एक म्हातारी बसे. काझी विचारत आणि म्हातारी खणखणीत आवाजात म्हणे, "कबूल!" त्याबद्दल तिला एक नवी ओढणी मिळे. सगळे तिला कबूलखाला, म्हणजे कबूल म्हणणारी मावशी, म्हणत. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक निकाहात तोच आवाज उमटला, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच गावात हाजरा नावाची मुलगी होती. वडील वारलेले. ती आणि तिची अम्मी गलबतांची शिडं शिवत. अम्मीची नजर मंद झाली होती. टाका अजून सरळ पडे, पण सुईत दोरा जात नसे. रोज सकाळी हाजरा दहा सुया ओवून अम्मीपुढे ठेवी, मग काम सुरू होई.

एक दिवस चाचा आला. म्हणाला, "तुझा निकाह ठरवलाय. समुद्रापलीकडचा व्यापारी आहे."

"मग अम्मीच्या सुया कोण ओवणार?" हाजरानं विचारलं.

"सुया! अगं, त्याची तीन गलबतं आहेत!"

"म्हणजे शिडंही तीन. ती त्यानं खुशाल माझ्याकडून शिवून घ्यावीत. निकाह नको, चाचा."

चाचा हसला. "हे 'नको' काझीसाहेबांना सांग. ते विचारतीलच की!"

व्यापाऱ्यानं चाचाला आपल्या गलबतावर तांडेल, म्हणजे सुकाणू सांभाळणारा मुख्य खलाशी, करायचा शब्द दिला होता. आणि पडद्यामागून कोण बोलतं, हे चाचाला पक्कं ठाऊक होतं.

निकाहाचा दिवस आला. चाचाच्या अंगणात मांडव पडला, बिर्याणीला दम लागला. मधोमध पडदा बांधला. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. काझीसाहेबांनी लेखणी हातात घेतली.

"मरहूम यूनुस यांची मुलगी हाजरा, हा निकाह तुला कबूल आहे?"

"कबूल!" खणखणीत आवाज आला.

तीनदा विचारायची रीत होती. काझी पुन्हा विचारणार, एवढ्यात पडद्यामागून दुसराच आवाज आला. तो कापत होता, पण थांबला नाही.

"काझीसाहेब, एक विचारू? निकाह कुणाचा लागतो?"

सगळे चपापले. काझी म्हणाले, "जी कबूल म्हणते, तिचा."

"मग कबूलखालांना मुबारकबाद द्या. कबूल त्या म्हणाल्या. मी हाजरा. मी काही म्हटलेलं नाही."

"अगं मेले!" खाला ओरडली. "या वयात मला समुद्रापार धाडतेस?"

मांडवात हशा पिकला. पण मागच्या रांगेतला एक पांढऱ्या दाढीचा नाखवा हसता हसता थांबला. "काझीसाहेब, आमच्या निकाहातही खालाच बोलली होती. मग मीपण तिचाच नवरा की काय?"

"तू आणि तुझ्यासारखे सव्वाशे!" खाला पडद्याआडून गरजली. "आणि एकानं तरी कधी घागरभर पाणी आणून दिलंय मला?"

चाचा मात्र हसत नव्हता. "पोर नादान आहे. काझीसाहेब, लाजरी मुलगी गप्प राहिली तर तो होकारच धरतात. ग्रंथात आहे."

"गप्प राहिली तर," काझी म्हणाले. "ही गप्प कुठं आहे?"

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "खाला, तुमच्या स्वतःच्या निकाहात कबूल कोण म्हणालं होतं?"

 पलीकडून खालाचा आवाज आला, पण या वेळी खणखणीत नव्हता. "माझी फुफी, अब्बांची बहीण. मला कुणी विचारलंच नव्हतं. मनात काही येऊ न देता कबूल कसं म्हणायचं, ते मी त्याच दिवशी शिकले." ती उठली आणि नवरीपासून लांब जाऊन बसली.

काझींनी मान खाली घातली. "मी हा आवाज चाळीस वर्षं ओळखतो. ग्रंथातला प्रश्न मी विचारत होतो. उत्तर कुणाचं येतंय, ते ऐकत नव्हतो." मग पडद्याजवळ सरकून त्यांनी पुन्हा विचारलं, "हाजरा बेटी, तुला कबूल आहे?"

"नाही."

व्यापारी उठला. चाचानं त्याचा हात धरला. "बसा, मी समजावतो तिला!"

"मला सांगितलं होतं, मुलगी राजी आहे," व्यापारी म्हणाला. "मुलीचा होकार खोटा सांगणारा तांडेल मला वाऱ्याची दिशाही खोटीच सांगेल." हात सोडवून तो बंदराकडे निघाला. त्याचं गलबत सुटलं, तेव्हा सुकाणूवर दुसराच माणूस होता. चाचा धक्क्यावर उभा राहून बघत राहिला. हाजरानं घरी जाऊन दहा सुया ओवल्या.

गोष्ट इथंच संपली असती. पण गावातल्या म्हाताऱ्यांना घोर लागला. "आमच्या निकाहांचं काय?"

काझी म्हणाले, "बाईनं मागाहून दिलेला होकारही चालतो. पण मागाहून तरी तिला कुणी विचारलं? उद्या मी दोन साक्षीदार घेऊन घरोघर येईन."

दुसऱ्या दिवशी उजाडताच गावात कधी न दिसलेलं दृश्य दिसलं. पांढऱ्या दाढीचे नाखवे अंगण झाडत होते. कुणी विहिरीवर घागरी भरत होता, कुणी बायकोला विचारत होता, "शिरा गोड झालाय ना?"

बहुतेक बायका हसून कबूल म्हणाल्या. एक म्हणाली, "संध्याकाळी सांगते," आणि तिच्या नवऱ्यानं दिवसभरात लाकडाचा ढीग फोडला. दोघी जणी मात्र नाही म्हणाल्या. काझींनी तेही तितक्याच नीट लिहून घेतलं.

शेवटचं दार काझींच्या स्वतःच्या घराचं होतं. बेगम उंबऱ्यात बसून मासे साफ करत होत्या. काझींनी घसा खाकरला. "बेगम... कबूल आहे?"

बेगमनी वर पाहिलं. "आजवर गावभर विचारत फिरलात. या दाराशी यायला चाळीस वर्षं लागली?"

 साक्षीदार जमिनीकडे बघत राहिले. बेगमनी हात धुतले, ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "कबूल. पण आता मधूनमधून विचारत जा."

त्यानंतर त्या गावात पडद्यामागून प्रत्येक वेळी वेगळा आवाज येऊ लागला, आणि कबूलखाला पुढच्या रांगेत बसून तो कान देऊन ऐकू लागली.

बोध: बाईचा हक्क ग्रंथात लिहिला म्हणून पुरत नाही; तिलाच विचारावं लागतं आणि तिचंच उत्तर ऐकावं लागतं.