वास्तुशांतीचा पाहुणा

कारखान्याचे मॅनेजर खांबेटे यांचं म्हणणं एकच: वाय-फाय कंपनीचं, तर त्यावर तुम्ही स्वतःच्या फोनवर जे बघाल तेही कंपनीचं. भर मीटिंगमध्ये ते स्टोअरमध्ये काम करणाऱ्या उत्तराकडे बघून हसले. "काय मॅडम, मूल होण्याच्या दवाखान्याची वेबसाइट? तीही जेवणाच्या सुट्टीत?"

सगळ्यांनी शरमेनं माना खाली घातल्या. उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती उठली.

"साहेब, आमच्या वास्तुशांतीला तुम्ही तासभर आमचं वाय-फाय वापरलंत. तुमच्याच नियमानं आता मीही वाचून दाखवू?"

खांबेट्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "न... नको."

"घाबरू नका, मी बघितलेलंच नाही. पाहुण्याला वाढायचं असतं, त्याचे खिसे चाचपायचे नसतात."

आता माना वर झाल्या. खाली राहिली ती एकट्या खांबेट्यांची.