पाळणाघरातल्या दुधाचा चोर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सगळं सुरू झालं. पाळणाघराच्या दारात सात लेकरं आली आणि घ्यायला शेवंता एकटीच.

ऊसतोडीच्या बायका फडावर जाताना तान्ही लेकरं तिच्यापाशी ठेवून जायच्या. सांभाळायला गावातल्या चौघी यायच्या, आपल्या हौसेनं, एकही पैसा न घेता.

त्या दिवशी चौघींतली एकही फिरकली नाही.

सहा लेकरं तिनं कशीबशी आत घेतली. सातवं आईनं पुन्हा पाठीशी बांधलं आणि तशीच फडावर गेली... कोयत्यांच्या रांगेत.

दिवस कलला तरी दोन लेकरांच्या आया परतल्या नव्हत्या. शेवंता दोन्ही कडेवर दोन लेकरं घेऊन दर्ग्यापाशी गेली. पाळणाघर तिथं बसणाऱ्या दस्तगीरबाबांच्याच शब्दावर निघालेलं.

"बाबा, चौघींत चोर कोण, तेवढं सांगा."

लेकरांच्या दुधातलं पेलाभर दूध रोज कमी भरत होतं. म्हणून आठवडाभर ती घरी निघालेल्या प्रत्येकीचं तोंड हुंगत होती, आणि ते चौघींनाही लागलं होतं.

"तुला कोण वाटते?" बाबांनी विचारलं.

"नजमा. हुंगताना तीच मान फिरवते."

नजमा समोरच्याच नळावर घागर भरत होती.

"मला नीट दिसत नाही पोरी. बोट कर."

शेवंतानं उजवा हात काढू पाहिला, तर लेकरू घसरलं. डावा काढला, तर दुसरं कलंडलं.

"हात गुंतलेत बाबा."

"मग थांबू."

...

लेकरू पुन्हा घसरलं, ते पार कमरेखाली. नजमा घागर तशीच वाहती सोडून आली.

"आधी तोंड हुंगताय ताई, का लेकरू देताय?"

शेवंताच्या नाकानं सवयीनं वास घेतला. कांद्याचा होता.

कांदा दुधाचा वास झाकायलाही खातात, असं तिच्या मनात आलंच.

तेवढ्यात नजमानं लेकरू खांद्यावर घेतलं. ते ओळखीनं तिच्या मानेत तोंड खुपसून गप्प झालं.

"आता हात सुटला," बाबा म्हणाले. "कर बोट."

शेवंताचा हात वर आला...

नळ वाहत होता. हात तसाच हवेत राहिला.

उद्या सकाळी सहाला पुन्हा सात लेकरं यायची होती.

बाबा नजमाकडे वळले.

"जाता जाता त्या तिघींच्या दारात निरोप दे. शेवंताचा एक हात रिकामा आहे, बोट कुणाकडंच नाही म्हणावं."