न उकरलेल्या वाफ्याची कहाणी

ऐका सप्तऋषींनो, तुमच्या वाफ्याची कहाणी. आटपाट गाव होतं, तिथं भिवराबाई नावाची म्हातारी होती. घरी एक सून होती, अनसा तिचं नाव. म्हातारीला ऋषिपंचमीचा वसा होता. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगर-कुदळ लागल्या मातीतलं खायचं नाही. परसात एक वाफा होता, त्यातलंच खायचं.

पुढं म्हातारीचे पाय गेले. तिनं सुनेला हाक मारली. "सूनबाई, यंदा वाफा तुझा."

"काय करू, सासूबाई?"

"गवत उपटू नको, कापून तिथंच निजव. गवतावर शेण घाल, शेणावर पाला घाल, मग बोटानं बी टोक. माती उकरू नको. खाली गांडुळं आहेत, त्यांचं काम त्यांना करू दे."

अनसानं तसं केलं. आठ दिवस झाले, दोन पानं आली. पंधरा दिवस झाले, चार पानं आली. कुंपणावरून शेजारीण वाकली. "काय गं, वाफा केलास की उकिरडा?"

अनसाला लाज वाटली. दुपारी सासूचा डोळा लागला, मग तिनं कुदळ घेतली. वाफा उकरला, भुसभुशीत केला, नवं बी पेरलं. रोपं भराभर आली. सासूनं खाटेवरून विचारलं, "उकरलं नाहीस ना?" "नाही," अनसा म्हणाली.

श्रावणात पावसानं ओढ दिली. उघडी माती तापली, भेगाळली, रोपांनी माना टाकल्या. सासूनं विचारलं, "वाफा बरा आहे ना?" "बरा आहे."

मग पंचमी आली. अनसा बाजारात गेली, नांगरल्या शेतातला माठ आणला, भेंडी आणली, ऋषीची भाजी केली. "वाफ्यातली ना?" सासूनं विचारलं. "वाफ्यातली."

आळीतल्या बायका जेवायला बसल्या. सासू म्हणाली, "सूनबाई, तुझ्यामुळं माझा वसा चालला. ऋषी तुला उदंड देवोत." तिनं घास उचलला. अनसानं सासूचं मनगट धरलं.

"घास ठेवा, सासूबाई. ही भाजी बाजारची आहे. वाफा मी उकरला, तो मेला. मी तीनदा खोटं बोलले."

बायकांनी तोंडाला पदर लावले. सासूनं घास ताटात ठेवला. ती रागावली असती तर अनसाला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "सूनबाई, मला भूक लागलीय."

मग अनसा परडी घेऊन निघाली. पहिल्या घरी गेली. "न उकरल्या जागेतलं काही आहे का?"

"का बाई, तुमचा वाफा होता ना?"

"मी उकरला. वर खोटं बोलले."

तिथं काही नव्हतं. दुसऱ्या घरी गेली, तेच मागितलं, तेच सांगितलं. तिथंही नव्हतं. तिसरं घर शेजारणीचं. अनसानं मान खाली घालून तिथंही सांगितलं.

शेजारीण म्हणाली, "न्हाणीमागं अळू आहे, आपसूक आलेलं. उकिरड्यावरचं आहे हो, चालेल ना?"

"चालेल," अनसा म्हणाली.

तिसऱ्या प्रहरी सासू जेवली. हात धुताना अनसा म्हणाली, "पुढल्या वर्षी वाफा मी पुन्हा करीन. उकरणार नाही, लपवणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"कर," सासू म्हणाली. "मी विचारणार नाही."

अनसानं ताट उचललं. डोळ्यांतलं पाणी त्यात पडलं.

दुसऱ्या वर्षी सासूनं विचारलं नाही, अनसानं उकरलं नाही. पंचमीला वाफ्यातला माठ शिजला. ऋषींनो, अनसाला घास अडवायचं बळ दिलंत, तसं आम्हां ऐकणाऱ्यांना, वाचणाऱ्यांना द्या. साठ पानांची कहाणी पाच घासांत सांगितली, ती सुफळ होवो.