रांजणाखालचा कोळसा

“...म्हणजे पाणी सरत नाही, कोळसा सरतो. यात न कळण्यासारखं काय आहे, बाबा?”

विचारणारा होता भूपेश आस्वले. भूगर्भशास्त्र शिकून गावी परतलेला, आणि ते शिक्षण जरा डोक्यात गेलेला. कोरड्या नदीच्या पात्रात मोटार बसवायची, हे त्यानंच गावाच्या गळी उतरवलं होतं. उद्या मोटार बसणार होती. बाया मात्र अडून बसल्या होत्या. बाबांनी हो म्हटलं तरच, म्हणाल्या.

बाबा म्हणजे नदीकाठच्या झोपडीतला म्हातारा फकीर. त्यांच्यासमोर वाळूत खणलेला झिरा होता. उन्हाळ्यात सारं गाव त्याच खड्ड्यावर जगायचं. रीत अशी, की झिऱ्यात बादली बुडवायची नाही. करवंटीनं वरवरचं पाणी घ्यायचं आणि पुन्हा साचेपर्यंत गप्पा मारत बसायचं. त्या बसण्याचाच भूपेशला राग होता. त्याच्या आईचं निम्मं आयुष्य तिथं गेलं होतं.

“पुन्हा सांग,” बाबा म्हणाले. “मी अडानी मानूस.”

“दोन प्रकार असतात. पाणी, वारा, ऊन, बांबू हे पुन्हा पुन्हा मिळणारं. कोळसा, लोखंड हे एकदाच. काढलं की संपलं.”

“अन् हा?”

बाबांचा रिकामा रांजण डुगडुगू नये म्हणून त्याच्याखाली एक काळा दगड सरकवलेला होता. भूपेशनं वाकून पाहिलं. कोळसाच होता, कधीतरी पुरात वाहून आलेला.

“हा सरणारा.”

“चाळीस वर्सं झाली. सरला नाही.”

“तुम्ही जाळला नाहीत म्हणून!”

बाबा झिऱ्याकडे बघून हसले.

भूपेशला आपलंच बोलणं कुठंतरी खुपलं. कुठं, ते कळेना. त्यानं चिडून झोपडीच्या दारातली बादली उचलली.

“थांबा. दाखवतोच.”

त्यानं भरलेली बादली ओढून वाळूवर ओतली. झिऱ्यात पाणी पुन्हा आलं.

“बघा!”

दुसरी बादली. या वेळी पाणी यायला वेळ लागला. भूपेश थांबला नाही. तिसऱ्यांदा त्यानं बादली तळापर्यंत दाबली, आणि कडेची वाळू धसकन खाली आली. झिरा बुजला. वर नुसता चिखल राहिला.

...

“हे भरायला हवं होतं,” भूपेश पुटपुटला.

“भरते ना?”

“भरतं. पण...”

“मंग सरनारं कोन्तं, बापू?”

भूपेशनं कोळशाकडे पाहिलं, मग चिखलाकडे. दोन्ही याद्या तोंडपाठ होत्या. पण आता कोणाला कुठं बसवावं ते त्याला सुचेना. पलीकडच्या काठावरून बाया घागरी घेऊन उतरत होत्या. त्यांत त्याची आईही होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाबा, उद्या मोटार बसवू की नको? काय ते एकदा स्पष्ट सांगा.”

बाबांनी शेजारची करवंटी उचलली, पुसली आणि त्याच्यापुढे धरली.

“मले तहान लागली. पयले पानी पाज.”