दोन्ही हात कामात

“...मग खरं सांगू की नको, एवढंच सांगा ना, बाबा.”

भीमगिरी बाबा खिंडीतल्या महादेवाच्या देवळाच्या पायरीवर बसून मटकीतले खडे काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला?”

“त्या वैमानिकाच्या आईला. थोड्या वेळात येताहेत त्या, कऱ्हाडहून. पायथ्यापर्यंत गाडी येते म्हटलं, पुढे मी धरून आणतो.”

“मग आणा की.”

“बाबा, मी त्यांच्याशी खोटं बोललोय.”

बाबांनी एक खडा उचलला, नीट न्याहाळला आणि पायरीखाली टाकला.

हे विचारणाऱ्या सुधन्वा जोगळेकरचं खाली तालुक्याच्या गावात चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासतो म्हणून गाव त्याला डॉक्टर म्हणे, आणि त्यानेही कधी नको म्हटलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र सकाळी दुकानाला कुलूप. त्या दोन दिवशी हवाई दलाची सरावाची विमानं या दरीतून जात. इतक्या खालून जात की खिंडीत उभा असलेला माणूस वर आणि विमान त्याच्या पायाखाली.

सुधन्वा खिंडीच्या टोकावर उभा राही. हातभर लांब लेन्स लावलेला कॅमेरा, डोक्याला लाल टोपी. विमानाचा फोटो कुणीही काढील, आतल्या वैमानिकाचे डोळे दिसले पाहिजेत, हा त्याचा हट्ट. तीन वर्षांत त्या हट्टापायी त्याचं नाव झालं, बक्षिसं मिळाली. आणि नाव झालं की माणसाला गुरू करावासा वाटतो, तसा त्यानेही केला. विमानं गेली की तो बाबांच्या पायरीवर बसून चहा पिई आणि चारचौघांत स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवून घेई.

बाबांनी या शिष्याला तीन वर्षांत एकच गोष्ट सांगितली होती. नेमकी तेवढीच त्याने कानाआड केली होती.

“तो आतला पोरगा तुमाला हात करतो. तुमी का करत न्हाई?”

“बाबा, माझे दोन्ही हात कामात असतात. एक हात सोडला की फोटो हलला.”

बाबा तेव्हा “बरं” म्हणाले होते आणि चुलीकडे वळले होते.

आज शुक्रवार होता. सुधन्वा आला होता, कॅमेराही गळ्यात होता, पण टोकाकडे न जाता तो सरळ पायरीशी येऊन बसला होता.

“काय खोटं बोलला?” बाबांनी विचारलं.

“पेपरात फोटो आला माझा. म्हणजे त्याचा. हात वर केलेला, हेल्मेटची काच वर सरकवलेली, मास्कच्या वर डोळे हसताहेत... पहिलं बक्षीस मिळालं त्याला. तो बघून त्यांनी मुलाला ओळखलं. डोळ्यांवरून. नंबर शोधून मला फोन केला.”

“आनि?”

“तो नाही आता. रणधीर नाव होतं त्याचं. रणधीर नाईकनवरे. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला होता. सकाळी दूध आणायला म्हणून मोटारसायकल काढली, आणि वळणावर...”

या दरीत दोन डोंगरांच्या मधून वाऱ्यासारखा जाणारा मुलगा गावच्या रस्त्यावर दुधाच्या किटलीसकट गेला, हे सुधन्वाला अजून पटलं नव्हतं. फोटो बक्षिसाला धाडला तेव्हा त्या मुलाला जाऊन दोन महिने झाले होते. सुधन्वाला त्याचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

बाबांनी सुपाच्या कडेवर हात टेकला.

“मला वाटलं, बदली झाली आसंल,” ते म्हणाले.

सुधन्वा पुढे सांगू लागला.

“फोनवर त्यांनी पहिलंच विचारलं, तुम्हीच का ते लाल टोपीवाले? मी म्हटलं, हो. तर म्हणाल्या, रणधीर सांगायचा तुमच्याबद्दल. आई, डोंगरावर एक लाल टोपीवाला असतो. मी त्याला दर वेळी हात करतो. ढिम्म उभा असतो. पण एक दिवस त्याला हात करायला लावतोच बघ...”

“आसं म्हनायचा?”

“हो. मग त्या म्हणाल्या, शेवटी केलात ना हो तुम्ही हात?”

“तुमी काय म्हनलं?”

“मी हो म्हटलं.”

बाबा पुन्हा मटकी निवडू लागले.

“दुसरं काय म्हणणार होतो, बाबा? तुम्ही असता तर काय म्हटलं असतं? इतकं बरं वाटलं त्यांना. रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या असतील, आवाज तसा आला... म्हणाल्या, मला फक्त दिवस सांगा. ज्या दिवशी त्याचा फोन यायचा, त्या दिवसावर त्या कॅलेंडरवर खूण करायच्या. गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून भिंतीवरच आहे. म्हणाल्या, तुम्ही हात केलात त्या दिवशी तो घरी काय बोलला होता, ते मला आठवून बघायचंय.”

“मग?”

“कॅमेऱ्यात तारीख असते, बघून सांगतो म्हटलं.”

“बगितली?”

“काय बघू? केलाच नाही तर तारीख कुठून येणार?”

“मग द्या ठोकून एकांदी. मंगळवार न्हाईतर शुक्रवार.”

सुधन्वाने चमकून पाहिलं. बाबा थट्टा करताहेत की काय, हे त्याला कळेना.

“असं कसं? त्या जन्मभर कॅलेंडरच्या त्या चौकटीकडे बघत बसतील.”

“मग खरं सांगा.”

“खरं सांगितलं तर त्यांच्याकडे काय उरेल? मुलगा एक गोष्ट करीन म्हणाला आणि त्याने ती केली, एवढंच तर उरलंय त्यांच्याकडे.”

“मग नका सांगू.”

“बाबा, तुम्ही दोन्हीकडून बोलताय.”

“तुमी दोन्हीकडनं इचारताय.”

सुधन्वाचा चेहरा उतरला. मोठा फोटोग्राफर, तालुक्याचा डॉक्टर, पण या वेळी तो वहीत उत्तर न सापडलेल्या मुलासारखा दिसत होता. तो खाली बघत म्हणाला,

“अजून एक आहे... कुणालाच सांगितलं नाही.”

“हं.”

“हात केलेला तो एकच फोटो नव्हता. खूप होते. घरी जाऊन मी मोठे करून बघायचो आणि खोडून टाकायचो. त्याचा हात डोळ्यांच्या आडवा यायचा, बाबा. डोळे झाकले जायचे. एवढी चढण चढून आलो आणि या शहाण्याने फोटो वाया घालवला म्हणून शिव्या घातल्यात मी त्याला. चक्क शिव्या. जो ठेवला, त्यात हात जरा खाली होता, म्हणून ठेवला.”

बाबांचे हात सुपात थांबले.

“किती खोडले?”

“मोजले नाहीत. आता त्यांतला एक जरी असता तरी त्यांना दिला असता.”

आणि एवढं बोलून तो रडला. बाबांनी त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. फक्त नाकावरचा चष्मा काढला, अंगावरच्या छाटीच्या टोकाने पुसला आणि पुन्हा चढवला.

“मला दिसायचा त्याचा हात,” ते म्हणाले. “हितनं, पायरीवरनं. तुमीच तर चष्मा दिला मला.”

सुधन्वाने बाहीने डोळे पुसले.

तेवढ्यात बाबांनी हनुवटीने दरीकडे खूण केली. दूर, ओढ्याच्या वळणावर दोन विमानं दिसली होती. आवाज अजून आला नव्हता. या दरीत आवाज नेहमी मागून येतो, म्हणून आवाज ऐकून मान वर करणाऱ्याला विमान कधीच सापडत नाही. सुधन्वाला हे ठाऊक होतं. तो उठून टोकाकडे धावला.

“डॉक्टर.”

तो थांबला.

“ते हितं ठिवा.”

सुधन्वाने गळ्यातला पट्टा काढला. कॅमेरा पायरीवर ठेवला आणि रिकाम्या हातांनी कड्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. हातांचं काय करायचं, ते त्याला सुचेना.

पहिलं विमान वळण घेऊन समोर आलं. सुधन्वाचे दोन्ही हात सवयीने छातीशी गेले, काही नसलेलं धरायला. विमान पायाखालून निघून गेलं. मग आवाज आला आणि सगळी खिंड हादरली.

मागोमाग दुसरं आलं. या वेळी त्याने उजवा हात वर केला. आधी अर्धवट, वर्गात उत्तर येत नसताना करतात तसा. मग पुरता. मग तो हात हलवू लागला, जोरजोरात.

वैमानिक दिसला. कोवळा असावा. समोर बघत होता. त्याने मान वळवली नाही. त्याचे दोन्ही हात कामात होते.

विमान पुढच्या डोंगराआड गेलं. आवाज गेला. धूळ खाली बसली. सुधन्वाचा हात तरी वरच होता.

बाबा काठी टेकत त्याच्यामागे येऊन उभे राहिले.

“त्याने बघितलंच नाही,” सुधन्वा म्हणाला.

“न्हाई बगितलं.”

“तो मुलगा दर वेळी असाच...”

“व्हय. दर वेळी.”

सुधन्वाने हळूहळू हात खाली घेतला. खाली पायथ्याशी एक पांढरी गाडी येऊन थांबली होती. दार उघडून एक बाई उतरल्या. त्यांनी डोंगराकडे पाहिलं आणि ऊन लागतंय म्हणून कपाळावर हात धरला.

“आल्या,” तो म्हणाला. “बाबा, आता तरी सांगा. त्यांनी दिवस विचारला तर काय सांगू?”

बाबा त्या बाईंकडे बघत होते.

“आजची तारीख सांगा.”