तुळाजीची पांढरी मोहरी

डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. तिथे तुळाजी नावाचा शेतकरी राहत असे. थोरला भाऊ वारल्यावर वाटण्या झाल्या आणि ओढ्याकाठची जमीन वहिनीच्या, म्हणजे गोजराबाईच्या वाट्याला गेली. तेव्हापासून तुळाजीने तिच्याशी बोलणे टाकले. शेते मात्र बांधाला बांध लागून होती, आणि दोन्हींत पांढरी मोहरीच असे.

थंडी पडली, मोहरी फुलली. एका सकाळी तुळाजी बांधावर उभा होता. मधमाश्या त्याच्या फुलांत लोळत होत्या आणि पिवळ्या परागांनी माखून वहिनीच्या शेतात उतरत होत्या. त्याच्या जिवाची आग झाली.

“जमीन गेली ती गेली, आता माझ्या फुलांतलं सत्त्वही तिकडंच चाललंय!”

बांधावरच्या आंब्याच्या ढोलीत माश्यांचे मोहोळ होते. त्याने ढोलीखाली ओला पाला पेटवला. धूर कोंडला तशा माश्या उठू लागल्या.

गोजराबाई धावत आली. “भावोजी, नका हो! त्या तुमच्याही फुलांवर येतात ना!”

तुळाजीने आणखी पाला आगीवर टाकला आणि माश्या डोंगरापलीकडे निघून गेल्या.

फुले गळून शेंगा धरल्या. कापणीच्या वेळी तुळाजीने शेंगा चोळून पाहिल्या, तर हातात नुसते फोलपट. आजोबांपासून चालत आलेले बियाणे होते ते, आता पेरायला मूठभरही उरले नाही. तो तसाच घरी परतला.

संध्याकाळी गोजराबाई दारात आली. तिच्या हातात लहानसे गाठोडे होते.

“ओढ्याकडच्या झुडपांत थोड्या माश्या राहिल्या होत्या. तिथली मोहरी तेवढी भरली. यातली निम्मी तुमची.”

“मी तुमचं वाटोळं केलं, वहिनी. आणि तुम्ही मलाच बियाणं देता?”

“एका झाडाचा पराग दुसऱ्याला लागल्याशिवाय या मोहरीत दाणा धरत नाही. तुमचे भाऊ सांगायचे. तो पराग माश्याच नेतात, आणि त्या भरपूर फुलं असतील तिथंच येतात. तुमचं शेत ओसाड ठेवून मी किती पिकवणार?”

तुळाजी उंबऱ्यातच वाकला आणि तिच्या पाया पडला.

माश्या मात्र लगेच परतल्या नाहीत. कित्येक हिवाळे दोघांच्याही शेंगा अर्ध्या रिकाम्या राहिल्या. त्याचा दोष तुळाजीने कधीच दुसऱ्या कुणाला दिला नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला मिळू नये म्हणून जे अडवावे, ते आपल्यालाही लाभत नाही, आणि क्षमा मिळाली, तरी केलेली हानी लगेच भरून निघत नाही.