टिचकीचा चष्म्यावरचा गॉगल

एक व्हती चिचुंद्री. नाव तिचं टिचकी.

नाक लांब. शेपूट बारीक. डोळे मोहरीएवढे. म्हणून नाकावर नंबरचा चष्मा.

रातीला चष्म्यातनं समदं दिसायचं. दिवसा काय दिसायचं? पांढरं. नुसतं पांढरं. उन्हानं डोळेच दिपायचे.

म्हणून चष्म्यावर अडकवायला गॉगल व्हता. क्लिपचा गॉगल. ऊन आलं की खाली, टुक्क. सावली आली की वर, टक्क.

एक दिवस काय झालं? गॉगल पडला. वरनं म्हशीनं पाय दिला. कच्च.

गेला गॉगल.

म्हैस म्हणली, पायाखाली पापड आला का काय. आन् गेली निघून.

आन् त्याच दिवशी खारीचं लगीन. भर दुपारी. उघड्या माळावर. झाडाचं नाव न्हाई, सावलीचं नाव न्हाई.

खार टिचकीची मैतरीण. टिचकी लग्नात करवली. खारीनं निरोप धाडला व्हता, करवली आल्याबिगर मी बोहल्यावर चढत न्हाई. आन् मुहूर्त कुणासाठी थांबतो व्हय?

निघाली टिचकी बाजारात. तुरुतुरु तुरुतुरु. ऊन कवळंच व्हतं, तरी वाटेत दगडाला धडकली. ठो.

"नीट बघून बस की," टिचकी दगडाला म्हणली.

बाजारात लिंबाखाली हमीदचाचा चष्मेवाला. चाचानं पेटी उघडली. म्हणला, घे बेटी, बघ लावून.

पयला गॉगल माणसाचा. लावला. टिचकी समदीच आत गेली. भाईर राहिली शेपूट.

"ह्यो न्हाई."

दुसरा काळाकुट्ट. तव्याच्या बुडागत. लावला. टिचकीनं वाकून रामराम केला. चाचाला न्हाई, चाचाच्या पेटीला.

"ह्यो न्हाई. ह्यात दिवसाच रात हुती."

तिसरा गुलाबी. लावला. चाचाची दाढी गुलाबी. रस्त्यातलं गाढव गुलाबी. टिचकी खी खी हसली. मग उन्हात जाऊन बघितलं. डोळ्यातनं पाणी, टप टप.

"ह्यो बी न्हाई."

चौथा तपकिरी. गुळाच्या चहागत. लावला. उन्हात जाऊन बघितलं. गाढव गाढवासारखं दिसलं. दाढी दाढीसारखी दिसली. डोळे गार.

"ह्योच," टिचकी म्हणली. आन् खुशीनं मान हलवली.

गॉगल पडला. टण.

क्लिप ढिली व्हती. चाचा म्हणला, पक्कडीनं आवळतो. पक्कड घेतली. वढली, दाबली, दातानं बी वढली. पक्कड गंजलेली. उघडायलाच तयार न्हाई.

"पक्कड उघडंना," चाचा म्हणला. "आण तेल, मग देतो आवळून."

निघाली टिचकी. तुरुतुरु तुरुतुरु. ऊन चढलं. वाटेत रांजणाला धडकली. ठो.

"पोट आत घे की," टिचकी रांजणाला म्हणली.

आली ठकूकाकीच्या घाण्यावर. ठकूकाकी तेल काढायची. घाण्याला बैल जुपायचा. बैल गोल गोल फिरला की शेंगदाण्याचं तेल निघायचं.

टिचकी म्हणली:

"चाचाची पक्कड उघडंना,
माझा गॉगल बसंना,
गॉगलाबिगर दिसंना,
खारीचा मुहूर्त थांबंना.
काकी काकी, तेल दे."

काकी कमरेवर हात ठिवून उभी. आधीच तापलेली.

"कुठलं तेल? घाणा फिरंना. त्या बैलाला फिरव, मग तेल ने."

गेली टिचकी बैलाकडं. तुरुतुरु तुरुतुरु. बैलाचं नाव कैऱ्या. बसला व्हता रवंथ करत. चबड चबड.

टिचकी म्हणली:

"काकीचा घाणा फिरंना,
चाचाची पक्कड उघडंना,
माझा गॉगल बसंना,
गॉगलाबिगर दिसंना,
खारीचा मुहूर्त थांबंना.
कैऱ्या कैऱ्या, फिर की."

कैऱ्या म्हणला, "झापडं फाटली."

घाण्याच्या बैलाला डोळ्यावर झापडं बांधत्यात. कापडाची. म्हंजे त्याला काय दिसत न्हाई.

टिचकीला कळंना. म्हणली, मला दिसंना म्हणून मी रडती, आन् तुला दिसतंय म्हणून तू रडतोस?

"व्हय," कैऱ्या म्हणला. "झापडं असली की वाटतं, मी गावाला चाललोय. झापडं नसली की दिसतं. तीच भिंत. त्योच खांब. तीच काकी. चक्कर येती मला. आण झापडं शिवून, मग फिरतो."

घेतली टिचकीनं फाटकी झापडं डोक्यावर. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. ऊन अजून चढलं. वाटेत कोंबडीला धडकली. ठो.

"हॉर्न वाजव की," टिचकी कोंबडीला म्हणली. कोंबडीनं वाजवला. कॉक.

आली येसूतात्याच्या दुकानात. येसूतात्या शिंपी. दुकानात गार सावली. मिशीन बंद. तात्या नुसता बसलेला.

टिचकी म्हणली:

"कैऱ्या पाऊल टाकंना,
काकीचा घाणा फिरंना,
चाचाची पक्कड उघडंना,
माझा गॉगल बसंना,
गॉगलाबिगर दिसंना,
खारीचा मुहूर्त थांबंना.
तात्या तात्या, झापडं शिव."

तात्यानं सुई उचलली. दोरा उचलला. दोरा सुईच्या डाव्या अंगानं गेला. दोरा सुईच्या उजव्या अंगानं गेला. दोरा तात्याच्या नाकात गेला. आक् छी.

"दोरा जाईना," तात्या म्हणला. "माझा चष्मा मोडलाय. हमीदकडं दिलाय दुरुस्तीला. त्यो चष्मा आण, मग झापडं शिवतो."

निघाली टिचकी. परत बाजारात. तुरुतुरु तुरुतुरु. ऊन लई चढलं. वाटेत त्याच दगडाला धडकली. ठो.

ह्या वक्ताला टिचकी दगडाला काय बी म्हणली न्हाई. दमली व्हती बिचारी.

आली चाचाकडं. म्हणली:

"तात्याच्या सुईत दोरा जाईना,
कैऱ्या पाऊल टाकंना,
काकीचा घाणा फिरंना,
चाचाची पक्कड उघडंना,
माझा गॉगल बसंना,
गॉगलाबिगर दिसंना,
खारीचा मुहूर्त थांबंना.
चाचा चाचा, तात्याचा चष्मा दे."

चाचा म्हणला, "चष्मा हाय की माझ्यापाशी. दांडी मोडलीय. जोडायला पक्कड लागती. आन् पक्कड तर..."

"उघडंना," टिचकी म्हणली.

"व्हय. आण तेल, मग जोडतो."

बघा आता. चाचा म्हणतो तेल आण. काकी म्हणती बैल फिरव. बैल म्हणतो झापडं आण. तात्या म्हणतो चष्मा आण. चाचा म्हणतो तेल आण. समदे आपापल्या जागी गप बसलेले, आन् पळायचं कुणी? ह्या एवढुशा चिचुंद्रीनं.

तेवढ्यात माळावरनं सनई वाजली. पीं पीं पीं. लग्नाची तयारी झाली व्हती.

टिचकीचं नाक लाल झालं. मिशा ताठ झाल्या. शेपूट आपटली. फट्.

"नगं कुणाचं काय," टिचकी म्हणली.

आन् पळाली. चाचाला वाटलं, गेली रडत घरी. घरी न्हाई गेली. गेली तात्याच्या दुकानात. तुरुतुरुतुरुतुरु.

"तात्या, गुमान बस. सुई धर. हलू नगंस."

तात्यानं सुई धरली. दुकानात सावली. सावलीत टिचकीला चष्म्यातनं समदं दिसायचं. सुईचं भोक बी दिसलं. टिचकीनं दोऱ्याचं टोक जिभंवर घेतलं. चाटलं. दातात धरलं. लांब नाक सुईपाशी नेलं.

चुकला दोरा.

परत चुकला. तात्याला हसू आलं. सुई हलली.

"हलू नगंस म्हणलं की न्हाई?"

तात्यानं सुई घट्ट धरली. टिचकीनं दम धरला. दोरा गेला आत. सुर्रर्र.

तात्यानं डोळे मोठे केले. म्हणला, "तुला येतंय व्हय हे? मघाशी का न्हाई सांगितलंस?"

"मघाशी इचारलंस का?" टिचकी म्हणली. "शिव आता."

तात्या शिवायला लागला. दिसत नसलं तरी हाताला शिवण ठावी व्हती. दोन टाके झापडांत, एक टाका स्वतःच्या सदऱ्यात. त्यो उसवला. परत झापडांत. झाली झापडं.

मग काय?

सुईत दोरा गेला,
झापडं शिवून झाली.
कैऱ्यानं झापडं बांधली. म्हणला, चला, गावाला जाऊ. आन् निघाला गोल गोल.
कैऱ्या फिरला,
काकीचा घाणा फिरला. कर्र कर्र.
तेल निघालं. टिप टिप.
काकीनं पळसाच्या पानात तेल दिलं. वरनं शेंगदाणा बी दिला. मघाची काकी ती न्हाईच जणू.
चाचाच्या पक्कडीत तेल पडलं,
पक्कड उघडली. खटॅक.

चाचानं तात्याचा चष्मा उचलला. टिचकीनं नुसतं बघितलं चाचाकडं. चाचानं चष्मा खाली ठिवला. आधी गॉगल घेतला. क्लिप आवळली. टिचकीच्या चष्म्यावर बसवला.

टुक्क.

टिचकीनं मान हलवली. डावीकडं. उजवीकडं. वर. खाली. उडी मारून बघितली. गॉगल पडंना.

पळाली टिचकी. तुरुतुरुतुरुतुरु. आता दगड दिसला, वळसा घातला. रांजण दिसला, वळसा घातला. कोंबडी दिसली, कोंबडीनंच वळसा घातला.

माळावर ऊन नुसतं भाजत व्हतं. समदं वऱ्हाड डोळे मिटून बसलेलं. नवरी खार हुप्प. खालीच बसून राहिलेली. बगळा भटजी घड्याळ बघून बघून वैतागलेला.

"आली माझी करवली," खार म्हणली. आन् टुणकन चढली बोहल्यावर.

अक्षता पडल्या. अंतरपाट सरला. नवरदेवानं हार उचलला. पर उन्हानं डोळे उघडतील तर शपथ. मिटल्या डोळ्यांनीच दोन पावलं गेला, आन् घातला हार.

नवरीला न्हाई. भटजीला. बगळ्याची मान लांब, हार गेला सर्र खालपत्तुर.

कुणाला दिसलं न्हाई. भटजीचे बी डोळे मिटलेले. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. वाजंत्री वाजायला लागली. लगीन लागतंय बगळ्याबरोबर.

दिसलं एकटीला. टिचकीला.

टिचकीनं हार काढला. नवरदेवाची झुपकेदार शेपूट धरली. गर्रकन फिरवला त्याला. हातात हार दिला.

"नवरी हिकडं हाय," टिचकी म्हणली. "त्यो भटजी हाय. त्याला दक्षिणा घाल."

नवरदेवानं एक डोळा उघडला. बगळ्याकडं बघितलं. दचकला. मग हार घातला खारीच्या गळ्यात.

लागलं लगीन. खरं लगीन.

खारीच्या आईनं पयला लाडू उचलला. नवरीला दिला न्हाई. नवरदेवाला दिला न्हाई. दिला टिचकीला. मानाचा लाडू. टिचकीपेक्षा लाडूच मोठा. टिचकीनं त्यात नाक खुपसलं आन् खायला लागली. कुरुम कुरुम. पार लाडवाच्या आत गेली.

आत अंधार. गॉगल वर केला, टक्क. आन् बाकीचा लाडू बघून बघून खाल्ला.

खाल्ला त्यो टिचकीनं. मिशा पुसा तुम्ही.